बिनविस्तवाची बाई

स्पेरीनं गठ्ठ्याची दोरी सोडली. झालं ते एवढंच. मी गव्हाच्या काडाच्या टोप्यांचा गठ्ठा त्याच्या काउंटरवर ठेवायचा, "सगळ्या नीट झाल्यात" म्हणायचं, त्यानं "बरं बाई" म्हणत तो तसाच मागच्या फळीवर ढकलायचा आणि पुढच्या आठवड्याचं काड माझ्यापुढं सरकवायचं, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आज त्यानं गाठीत नख घातलं. माझ्याकडं न बघता एकेक टोपी उचलली, आतून चाचपली, वेणी कुठं उसवलीय का, वर चांगला माल ठेवून खाली भुसभुशीत काड दडवलंय का, सगळं पाहिलं. माणूस वाईट नाही तो. कान लाल झाले होते त्याचे. काय शोधताय म्हणून विचारलं तर म्हणाला, तसं काही नाही हो, आता सगळ्यांचंच बघायचं ठरलंय. आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या बाईचा, थँकफुल मन्सनचा, गठ्ठा त्यानं माझ्यादेखत, दोरीला हात न लावता, फळीवर ढकलला. थँकफुलनं छताकडं बघितलं. काड उचललं आणि बाहेर पडले.

म्हणजे ते इथवर आलं तर. न्यायाधीशानं सांगितलं की या बाईच्या शपथेला वजन नाही, आणि ते बोलणं कचेरीच्या दारातून बाहेर पडून, पंपापाशी थांबत, कालवंवाल्याच्या गाडीपाशी टेकत, स्पेरीच्या दुकानात पोचलं. त्यात स्पेरीचं तरी काय चुकलं म्हणा. देवासमोर हात वर करून सांगितलेलं चालत नसेल तर काउंटरसमोर सांगितलेलं का चालावं? मी मैदानाच्या कडेकडेनं चालायला लागले. एल्मची पानं पिवळी पडून बुटांना चिकटत होती. आमच्या न्यू हेवनच्या मैदानावर तीन देवळं एका ओळीत उभी आहेत आणि त्यातलं एकही आमचं नाही. आमची माणसं एका खोगीरवाल्याच्या माडीवर जमतात. खालून कातड्याचा वास येत असतो आणि वर आम्ही म्हणत असतो की देव शेवटी सगळ्यांना घरी नेतो, कुणालाही कायमचं जळत ठेवत नाही. पापाचं जे काय भोगायचं ते माणूस इथंच भोगून जातं. बस, एवढंच आमचं म्हणणं. गावानं त्यावरून आम्हाला नाव ठेवलंय, बिनविस्तवाची मंडळी. हिवाळ्यात आमच्या माडीवर शेगडीही नसते, त्यामुळं नाव दोन्हीकडून शोभतं, असं एरास्टस म्हणायचा आणि स्वतःच पहिल्यांदा हसायचा.

एरास्टस माझा नवरा. बंदरावर शिडं शिवायचा. तापानं गेला, त्याला आता काही हिवाळे झाले, पण रस्त्यानं एकटी चालताना मी अजून डाव्या बाजूला त्याच्यापुरती जागा सोडते. राज्याची नवी घटना झाली ना, दहा वर्षांपूर्वी, त्या दिवशी तो दुपारीच वर्तमानपत्र घेऊन घरी आला आणि मी पीठ मळत असताना माझ्या मागं उभा राहून त्यानं ते कलमान् कलम वाचलं. त्याआधी आमच्या पैशानं दुसऱ्यांचा पाद्री पोसला जायचा. आम्ही वेगळे आहोत म्हणून लिहून दिलं तर सुटका, आणि तेही लिहून द्यायला त्यांच्याच माणसांपुढं टोपी काढून उभं राहायचं. ते सगळं त्या दिवशी संपलं. एरास्टस म्हणाला, "आता आपण काय मानतो हे कुणी विचारायचं नाही, इलेक्टा. विचारायचंच नाही!" माझे हात पिठाचे असताना त्यानं मला गोल फिरवलं होतं, माझी पावलं अशी अडखळली होती की टेबलावरचा दुधाचा वाडगा फुटला. ते दूध फरशीवर पसरलेलं अजून डोळ्यांपुढं येतं, आणि तो फडकं शोधत होता ते. आज तो असता तर मी त्याला सांगितलं असतं, अगदी बरोबर वाचलं होतंस रे. कोर्टात मला कुणी काही विचारलं नाही.

त्या दिवसापासून शनिवारी संध्याकाळी तो खिडकीच्या फळ्या लावू द्यायचा नाही. आमच्या गावात शनिवारी सूर्य बुडाला की रविवार सुरू होतो. दुकानं बंद, झाडू खुंटीला, सुईत दोरा ओवायचा नाही, लोकांच्या खिडक्यांना फळ्या लागतात आणि गल्लीत कुत्रं दिसत नाही. अशा वेळी आमची एकच खिडकी उघडी, आत दिवा, आणि एरास्टस उजेडात मुद्दाम वर्तमानपत्र वाचत बसलेला. मी म्हणायचे, कशाला डिवचतोस लोकांना? तो म्हणायचा, मी कुठं डिवचतोय, माझ्या घरात मी दिवा लावलाय. तो गेल्यावरही मी फळ्या लावल्या नाहीत. लोकांना वाटायचं माझा कडवेपणा आहे. खरं म्हणजे त्या वेळी खिडकी लावायला गेले की वाटायचं त्याच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतेय.

ज्या शनिवारावरून पुढं कोर्ट झालं त्या शनिवारीही खिडकी उघडीच होती. असाहेल, माझा धाकटा भाऊ, सूर्य बुडायच्या बऱ्याच आधी शिंकत, नाक ओढत आला. डीकन पॉटरच्या बग्ग्यांच्या कारखान्यात तो व्हार्निश मारायचा, आणि त्याच आठवड्यात मालकाशी कडाकडा भांडून काम सोडून बसला होता. आमच्या घरात सगळेच तोंडानं फटकळ, पण असाहेलनं कहर केला. भर कारखान्यात सगळ्यांपुढं म्हणाला, तुमच्या कारखान्याला आग लागो. मी त्याला शिव्या घातल्या, मग मोहरी टाकून गरम पाणी परातीत ओतलं आणि त्यात पाय सोडून बसवलं. भट्टीतल्या घेवड्याचा वास येत होता. तो कढत पाण्यात पाय बुडवायचा, "मेलो, मेलो" म्हणत बाहेर काढायचा, परत बुडवायचा. अंधार पडल्यावर बाहेर ओरडा ऐकू आला तेव्हाही त्याचे पाय पाण्यातच होते, घोट्यांपर्यंत लालबुंद. पॉटरची व्हार्निशची शेड पेटली होती. असाहेल अनवाणी खिडकीपाशी गेला, त्याच्या ओल्या पावलांचे ठसे फरशीवर उमटले, आणि तो म्हणाला, "अरे देवा, मी बोललो ते कुणी ऐकलं असेल का गं?" देवानं ऐकलं असेल का असं त्याला विचारायचं होतं असं मला वाटलं. पण ऐकलं होतं माणसांनी. दुसऱ्या दिवशी देवळं सुटल्याबरोबर त्याला घेऊन गेले. कारखान्यातल्या एकानं त्याच्यासारख्या अंगाच्या माणसाला पळताना पाहिलं म्हणे. आणि त्या वेळी तो माझ्या स्वयंपाकघरात होता हे पाहणारं गल्लीत कुणी नव्हतं, कारण सगळ्यांच्या फळ्या लागल्या होत्या. एक मी सोडून.

असाहेलचा वकील तरुण होता, अजून नखं खाणारा. तो म्हणाला, बाई, जसं झालं तसं सांगा, परातीचं सांगा, मोहरीचं सांगा, पंचांना असल्या गोष्टी पटतात. मी आठवडाभर मनात तेच घोळवत होते. काड भिजवताना, वेणी वळताना, बोटं आपली आपण चालायची आणि मी ओठातल्या ओठात म्हणत राहायचे: आधी पाणी उकळलं, मग मोहरी कुटली. असाहेलला होऊ शकणारी सात वर्षांची कैद माझ्या त्या चार वाक्यांवर टांगलेली होती. मला भीती वाटत नव्हती. खरं तेच सांगायचं होतं, त्यात भ्यायचं काय? कॉलरला इस्त्री केली, एरास्टसनं दिलेली पिन लावली आणि गेले.

माझं नाव पुकारलं, मी पुढं झाले, हात वर करणार तोच सरकारी वकील उठला. आवाज अगदी सभ्य. म्हणाला, शपथ देण्याआधी माझी हरकत आहे, ही बाई साक्षीला पात्र नाही. मेल्यानंतरची शिक्षा ही मानत नाही. आणि जिला खोटं बोलल्याबद्दल पुढं जाळलं जाण्याची भीती नाही तिच्या शपथेला अर्थ काय? मला आधी कळलंच नाही की हे माझ्याबद्दल चाललंय. मग कळलं. मी म्हटलं, मी इथंच उभी आहे, मला विचारा ना मी काय मानते ते; देवाला मानते, खोट्याची चीड आहे मला. न्यायाधीश पांढऱ्या भुवयांचा, मायाळू चेहऱ्याचा म्हातारा होता. त्यानं हात वर करून मला थांबवलं. म्हणाला, "बाई, तुमच्या श्रद्धेबद्दल तुम्हाला या कचेरीत कुणी विचारू शकत नाही. ते तुमचं स्वातंत्र्य आहे. कायदा ते जपतो." म्हणजे मला विचारायचं नाही. मग कुणाला विचारायचं? तर ज्यांनी मला बोलताना ऐकलंय त्यांना. अशीच रीत आहे म्हणे. मी बाजूला उभं राहायचं आणि मी काय मानते ते दुसऱ्यानं सांगायचं. मी जवळजवळ हसले. मनात म्हटलं, घ्या खुशाल विचारून, कोण सांगणार आहे? आमची माडीवरची माणसं काही यांना सापडायची नाहीत. आणि मग कारकुनानं नाव पुकारलं: लोइस ब्रिस्टल.

लोइस माझ्या कुंपणापलीकडं राहते. तिचं घर आणि माझं घर यांत एक सफरचंदाचं झाड आहे, फांद्या माझ्याकडं आणि खोड तिच्याकडं. तिचा नवरा कालवांच्या होडीवर असतो. ती पुढं आली, करड्या शालीत, आणि तिनं हात वर केला. तिला शपथ दिली. तिची चालत होती. मला वाटलं, आता ती काहीतरी गुळमुळीत बोलेल, आठवत नाही म्हणेल, लोइसला तसंही काही आठवत नाही, चूल पेटती ठेवून ती पंपावर गप्पा मारत बसते. सरकारी वकिलानं विचारलं, या बाई तुमच्यापाशी परलोकाबद्दल कधी काही बोलल्या होत्या का? आणि लोइस बोलायला लागली. लोइस हळू बोलत होती, तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जात होतं. ती म्हणाली, "इलेक्टा म्हणाली, नरक नाही, लोइस. कुणी मूल जाळत नाही. तू नाही जाळणार, मी नाही जाळणार, आणि देव आपल्यापेक्षा वाईट नाही." शब्दान् शब्द माझा. मधे मी जिथं थांबले होते तिथं तीही थांबली.

ते वाक्य मी तिच्या स्वयंपाकघरात बोलले होते, तेव्हा टेबलावर तिचं मूल होतं. मार्च महिना होता, बाहेर चिखल आणि बर्फ एकत्र. मूल जगलं ते थोडेच दिवस. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, कारण लोइस तेव्हा मंडळीची पूर्ण सभासद नव्हती, आणि आईबापांपैकी एकजण तरी सभासद असल्याखेरीज त्यांचा पाद्री मुलाच्या डोक्यावर पाणी घालत नाही. मी त्याला धूत होते. काखेत, मानेच्या वळीत, अंगठ्याएवढ्या तळव्यांवर. लोइस कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, छातीतलं दूध तिच्या कपड्यांतून पाझरत होतं आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. पाद्री येऊन गेला होता. त्यानं सांगितलं, देवाच्या मनातलं आपल्याला कळत नाही. तो गेल्यावर तिनं मला विचारलं, तो कुठं आहे गं? आता या क्षणी कुठं आहे? मी काय करणार होते? मी काही पुस्तकं वाचलेली बाई नाही. हातात तो होता, ओला, आणि मी जे खरं मानत होते ते बोलले. ती उठली, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तशीच उभ्याउभ्या झोपली. मी कितीतरी वेळ ते ओझं घेऊन उभी होते. पाठ भरून आली तरी हलले नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती ते वाक्य मागायला यायची. खमीर मागायला यावं तशी. मी दोरीवर कपडे टाकत असायचे, ती कुंपणावर कोपर टेकून म्हणायची, "म्हण ना गं ते." मी तोंडात चिमटे धरून म्हणायचे. कधी घाईत म्हणायचे, कधी वैतागून. एकदा तर म्हटलं, बाई, पाठ करून घे आता. ती हसली होती. पण माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय तिला झोप यायची नाही, हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. एरास्टस गेल्यावर माझ्याकडं कुणाला लागणारी तेवढी एकच वस्तू राहिली होती.

मग गेल्या हिवाळ्यात गावात भक्तीची लाट आली. रोज प्रार्थना, रडणं, पश्चात्ताप. लोइस त्यात सापडली. सभासद व्हायचं तर त्यांच्याकडं एक रीत आहे, भर देवळात उभं राहून सांगावं लागतं की देवानं मला कसं वळवलं, आधी मी कुठं भरकटले होते. लोइसनं सांगितलं की माझं मूल गेल्यावर एका शेजारणीनं मला खोटी उशी दिली आणि मी त्या उशीवर वर्षानुवर्षं झोपले. लोक रडले म्हणे. आदल्या दिवशी ती मला सांगून गेली होती, "तुझं नाव घेणार नाही हं मी." मी हसले. म्हटलं, घे की, मला कशाची भीती? घटनेत लिहिलंय. तिच्या टोपीची फीत सैल झाली होती, ती मी नीट बांधून दिली. तिला देवळात जायचं होतं, नीट दिसायला हवं. आता मला त्या फितीचा स्पर्शसुद्धा बोटांना आठवतो, तपकिरी रेशमी, एका टोकाला उसवलेली.

कोर्टात सरकारी वकिलानं तिला विचारलं, असं त्या एकदाच बोलल्या का? दुःखाच्या भरात माणूस बोलून जातं. किती सभ्य माणूस तो. लोइस म्हणाली, "नाही. पुष्कळदा. मी विचारलं की सांगायची." कुणीतरी मागं खोकलं. मी तिच्याकडं बघत होते, आणि ती कारकुनाच्या दौतीकडं बघत होती. आणि तेव्हा मला वाटलं, असावा. नरक असावा, आणि त्यात ही असावी, करड्या शालीसकट. इतक्या वर्षांत मी कुणासाठी असं मागितलं नव्हतं. आमच्या पैशावर जगलेल्या पाद्र्यांसाठी नाही, एरास्टसला ढोंगी म्हणणाऱ्यांसाठी नाही. आणि हिच्यासाठी मागितलं. तो क्षण आला आणि गेला, पण येऊन गेला. मग न्यायाधीश बोलत होता. या बाईंना कुणी त्यांच्या मतावरून त्रास देत नाही, शिक्षा करत नाही, त्या मोकळ्या आहेत, मात्र त्यांची साक्ष घेता येणार नाही. तुम्ही बसा, बाई. माझी परात, माझी मोहरी, असाहेलचे लाल पाय, सगळं माझ्या तोंडात तसंच राहिलं. मी बसले. पंच फार वेळ आत नव्हते; बाहेर येऊन दोषी म्हणाले.

असाहेलला घेऊन जाताना तो माझ्याजवळून गेला. मला वाटलं चिडेल, तोंड सोडेल. त्यानं नाक ओढलं, सर्दी अजून होती, आणि हळूच विचारलं, "आपली खिडकी तर उघडीच होती ना गं?" हो रे, म्हटलं, उघडीच होती. नव्या तुरुंगात कैद्यांना एकमेकांशी बोलायला बंदी आहे म्हणे. दिवसभर काम करायचं आणि गप्प राहायचं. असाहेलनं. मी काड भिजवते, वेणी वळते, आणि माझ्या डोक्यात तेच येतं, की तो शिंकला तर चालत असेल का.

मैदान संपलं, गल्ली आली. सूर्य बंदराकडच्या छपरांवर टेकायला आला होता. लोक घाईघाईनं पाणी भरून नेत होते, कुणी अंगणातलं लाकूड आत घेत होतं. शनिवारची ही वेळ, सगळ्यांची लगबग. माझ्या दाराच्या पायरीवर लोइस बसली होती.

कोर्टानंतर आम्ही बोललो नव्हतो. ती पंपावर आली की मी बादली अर्धी भरून निघायचे. तिचा चेहरा पार ओढलेला होता, डोळ्यांखाली काळं. मला बघून ती उठली नाही. मी तिच्या बाजूनं दार उघडलं, काड आत ठेवलं. ती मागोमाग आत आली आणि पूर्वीसारखी दारालगतच्या खुर्चीवर टेकली. ती असाहेलची खुर्ची. तिनं खिडकीकडं बघितलं, सूर्य किती उरलाय ते. मग बोलायला लागली, एकातून दुसरं. म्हणाली, मला कोर्टातून बोलावणं आलं होतं, मी काही आपणहून गेले नाही. पाद्री म्हणाला, विचारलं तर खरं सांगावं लागेल. देवासमोर हात वर केल्यावर काय करणार? खोटं बोलले असते तर मी जळाले असते. असाहेलचं मला ठाऊक होतं, तो तसा नाही हे काय मला कळत नाही? पण मला ते कुठं विचारलं? ती बोलत होती आणि मी भट्टीतल्या भांड्याचं झाकण काढून घेवडा ढवळत होते. तिच्याकडं पाठ होती. म्हटलं, सूर्य बुडेल, घरी जा.

ती म्हणाली, "मला झोप येत नाही, इलेक्टा."

मी ढवळत राहिले.

"मी आता सभासद आहे. मी वर जाणार, असं ते म्हणतात. आणि माझं बाळ?" तिचा आवाज चिरकला. "तो तिथं खाली असला आणि मी वर गेले, तर मी वर जाऊन काय करू?"

घेवडा तळाला लागत होता. मी चमचा जोरानं खरवडला. मला ठाऊक होतं ती काय मागायला आलीय. खुर्ची करकरली, ती उठून माझ्यामागं उभी राहिली, एरास्टस उभा राहायचा तितकी जवळ. म्हणाली, "एकदाच म्हण. ते. एकदाच. मी कुणाला सांगणार नाही."

कुणाला सांगणार नाही! हसू आलं मला, खरोखरचं, घशापर्यंत. मी वळले. तिचे ओठ थोडे उघडे होते, भाकरीकडं बघावं तशी माझ्या तोंडाकडं बघत होती. वाक्य तयार होतं. माझ्या जिभेवरच होतं, इतक्या वर्षांत ते मला शोधावं लागलं नव्हतं. पंधरावीस शब्द, श्वासही लागत नाही फारसा. त्या ओल्या अंगठ्याएवढ्या तळव्यांची शपथ, ते मी म्हणू शकले असते. तिला खांदा देऊ शकले असते. पण मला असाहेल दिसला, गप्प, आणि स्पेरीचं नख गाठीत जाताना दिसलं.

"मला काय विचारतेस?" मी म्हटलं. "माझी साक्ष चालत नाही, लोइस."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं शाल डोक्यावर ओढली आणि ती निघाली, कारण उजेड छपरांवरून उतरला होता आणि आता रस्त्यावर असणं पाप होतं. दारात अडखळली. मी तिला कुंपणाकडनं जाताना बघितलं, सफरचंदाच्या फांदीखाली वाकली, आणि तिचं दार लागलं. मग तिच्या खिडकीच्या फळ्या लागल्या, एक, मग दुसरी. गल्लीत फळ्या लागल्याचे आवाज येतच होते.

मी टेबलाशी बसले. घेवडा वाढून घेतला, खाल्ला नाही. दिवा लावला. मग रिकाम्या स्वयंपाकघरात, असाहेलच्या खुर्चीकडं बघत, मी ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलं. नरक नाही. कुणी मूल जाळत नाही. माझ्या कानांना ते लोइसच्या आवाजात ऐकू आलं, कोर्टातल्या, हळू, मधे थांबत थांबत. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तिचाच आवाज. पलीकडं ती डोळे उघडे ठेवून पडली असणार, रात्रभर, आणि तिला तिथं मी ठेवलं होतं. पाद्र्यानं नाही, न्यायाधीशानं नाही. कुंपणापलीकडं ती कशात पडलीय ते मला इथं बसून दिसत होतं, आणि मला वाटलं, ज्याला आम्ही नाही म्हणत आलो तो नरक हाच असला तर?

खिडकीतून उजेड गल्लीत पडला होता, एकटाच. तिच्या अंगणापर्यंत जात होता. मी उठले, एरास्टसनं कधी लावू दिल्या नव्हत्या त्या फळ्या ओढल्या आणि आतून खीळ घातली.